यूके सब्स: ए ते झेड, गायक एकच आणि बाकी सगळे बदलत राहिले

बेसवाला_परळ

रॉकवरचा कुठलाही धागा निघाला की दोन प्रतिसादांत चर्चा मेटलकडे वळते आणि तिथेच रमते. त्यात वाईट काही नाही, मी पण तेच ऐकत मोठा झालो. पण पंकवर, म्हणजे रॉकमधल्या त्या साध्या, वेगवान प्रकारावर, मराठीत नीट लिहिलेलं मला फारसं सापडत नाही आणि एका बँडवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, तो म्हणजे यूके सब्स. रामोन्स, क्लॅश ही नावं फॅशन स्ट्रीटवरच्या टीशर्टमुळे तरी लोकांना ओळखीची असतात, सब्सचं तसं नाही.

बँडचा गायक चार्ली हार्पर, जन्म १९४४ चा. म्हणजे १९७६ ला लंडनमध्ये पंक सुरू झालं तेव्हा हा ३२ वर्षांचा होता आणि आजूबाजूची पोरं अठरा-वीसची. त्याआधी तो रिदम अँड ब्लूज करायचा, हार्मोनिका वाजवायचा, पोटापाण्यासाठी हेअरड्रेसर होता. पंक ऐकल्यावर त्याने स्वतःचं सगळं बदललं आणि बँड काढला. आधी नाव सबव्हर्सिव्ह्ज, मग नुसतं सब्स, मग कळलं की स्कॉटलंडमध्ये सब्स नावाचा एक बँड आधीच आहे म्हणून पुढे यूके लावलं. १९७७ ला निकी गॅरेट गिटारवर आला आणि तिथून गाणी खऱ्या अर्थाने जमायला लागली, चार्लीचे शब्द आणि गॅरेटची गिटार. बेसवर पॉल स्लॅक, ड्रमवर पीट डेव्हिस. ज्याला जुने लोक खरे सब्स म्हणतात ते हे चौघं.

१९७९ ला पहिला अल्बम, अनदर काइंड ऑफ ब्लूज. १७ गाणी आणि सगळी मिळून ४० मिनिटंसुद्धा नाहीत. ब्रिटिश चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, २१ वा. पुढच्या वर्षी ब्रँड न्यू एज, १८ वा. मग मे १९८० मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमधला कार्यक्रम रेकॉर्ड केला, तो लाइव्ह अल्बम क्रॅश कोर्स आठव्या नंबरपर्यंत गेला, त्यांचा कुठलाच अल्बम त्याच्या वर कधी गेला नाही. आणि नेमकं त्यानंतर स्लॅक आणि डेव्हिस दोघंही बाहेर पडले! बँड सगळ्यात वर असताना अर्धा बँड गेला. त्यांच्या जागी बेसवर अल्विन गिब्स आणि ड्रमवर स्टीव्ह रॉबर्ट्स आले, १९८१ चा डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी आणि १९८२ चा एनडेंजर्ड स्पिशीज यांनी केला.

अल्बमच्या नावांची पहिली अक्षरं बघा. ए, बी, सी, डी, ई. ती साखळी पुढे चालूच राहिली. १९८३ ला एफ आला तेव्हा गॅरेट, गिब्स, रॉबर्ट्स कुणीच नव्हतं, चार्ली एकटा उरला होता आणि तिघं नवे. त्यातला बेसवाला स्टीव्ह स्लॅक म्हणजे आधीच्या पॉल स्लॅकचा भाऊ, जो अगदी सुरुवातीच्या दिवसांत या बँडमध्ये होताच. तिथून पुढे माणसं येत गेली, जात गेली, परत येत गेली, आणि २०१६ ला झेड आला, झिएझो. डच भाषेत काम उरकल्यावर म्हणतात तो शब्द. ए ते झेड २६ अक्षरं, ३७ वर्षं.

तर मला विचारायचंय ते असं की ज्या बँडमध्ये एवढी माणसं येऊन गेली त्याला आपण एकच बँड म्हणतो ते कशाच्या जोरावर? मला स्वतःला वाटतं की तो एकच बँड आहे, आणि तो फक्त चार्लीमुळे एकच आहे असंही नाही. पण आधी तुमचं ऐकतो.

धोबीतलाव_जुना

फार बरं वाटलं हे नाव मराठीत वाचून. मला सब्स माहीत झाले ते गन्स अँड रोझेसमुळे. १९९३ ला त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यांचा अल्बम काढला होता, त्यात डाऊन ऑन द फार्म होतं, ती कॅसेट मी काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतली आणि आतल्या बारीक अक्षरांत हार्पर, गॅरेट, गिब्स अशी नावं वाचली, तेव्हा हे कोण हे सांगणारं आजूबाजूला कुणी नव्हतं. मूळ गाणं १९८२ च्या एनडेंजर्ड स्पिशीजवरचं. म्हणजे बेसवाल्यांनी वर लिहिलंय त्या दुसऱ्या लाइनअपचं, वाजवणाऱ्यांच्या दुसऱ्या संचाचं, "खऱ्या" चौघांचं नव्हे. सब्सचं जे गाणं जगभर सगळ्यात जास्त लोकांच्या कानावर पडलं असेल ते बहुतेक हेच, आणि ते बदललेल्या बँडने केलेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गन्स अँड रोझेसनी ते १९९० मध्ये फार्म एड या शेतकऱ्यांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात पण वाजवलं होतं आणि तो ड्रमर स्टीव्हन ॲडलरचा त्यांच्याबरोबरचा शेवटचा कार्यक्रम ठरला. एका बदलत्या बँडचं गाणं वाजवताना दुसऱ्या बँडचा ड्रमर शेवटचा बसलेला.

अवांतर: आमच्या वेळेला हे सगळं ऐकायची जागा म्हणजे रंगभवन. इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव १९८६ ला तिथेच सुरू झाला. धोबीतलावला झेवियर्सच्या मागे, उघड्यावर, पायऱ्यांवर बसायचं आणि खाली गर्दी. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात ते बसेना आणि कार्यक्रम बंद झाले. ती जागा गेल्यावर इथल्या कितीतरी बँडना वाजवायला जागाच उरली नाही आणि माझ्या मते इथली लाइनअप तुटायला भांडणांपेक्षा हे कारण मोठं आहे. महिनोन् महिने गिग नसेल तर ड्रमर थांबणार कशासाठी?

शून्य_डेसिबल

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

मंजिरी_डोंबिवली

मी पंक अजिबात ऐकत नाही, धागा उघडला तो शीर्षकामुळे, पण प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला. आपल्या व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंट असते ना, तेच हे. नाटक चालू असतं, मुख्य नटाला सिरियल मिळते किंवा तारखा जुळत नाहीत, मग दुसरा येतो. त्याच्या हातात संहिता असते, मागच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग असतं, तीन-चार तालमी मिळतात आणि थेट सावित्रीबाई फुले नाट्यगृहाला प्रयोग. प्रेक्षक पहिली दहा मिनिटं जुन्याला शोधतात आणि मग नाटक बघायला लागतात. मी एकच नाटक तीन वेगवेगळ्या नायिकांबरोबर पाहिलंय आणि तिन्ही वेळा ते तेच नाटक होतं. कुठे हशा येणार, कुठे शांतता पडणार ते ठरलेलं.

मग तुमच्या सब्समध्ये संहिता काय आहे? गाणी हीच ना? गाणी पक्की असतील तर माणूस बदलला म्हणून काय बिघडतं?

ट्रेबल_कमी

मंजिरीताई, मुद्दा छान मांडलात पण मला पटला नाही. नाटकात संहिता नटाने लिहिलेली नसते. इथे गॅरेट नुसता वाजवत नव्हता, चाली त्याच्या होत्या. तो गेला म्हणजे नाटककार गेला असं धरा. आणि आकडेच बघा, ए ते डी चारही अल्बम चार्टवर आहेत, १९७९ ते १९८१ या काळात लागोपाठ सिंगल्स चार्टवर आहेत, बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्स या कार्यक्रमात हे लोक आलेत. गॅरेट गेल्यावरच्या अल्बममधून एक तरी गाणं सांगा जे वॉरहेडच्या बरोबरीला बसतं.

वॉरहेड सुरू होतं ती बेसची ओळ आठवा. ती पॉल स्लॅकने वाजवली आहे. पुढे आलेल्या प्रत्येक बेसवाल्याने ती वाजवली असेल, पण वाजवणं वेगळं आणि पहिल्यांदा सुचणं वेगळं. मला चार्लीबद्दल पूर्ण आदर आहे, त्या वयात व्हॅनमध्ये बसून दौरे करणं सोपं नाही, पण १९८३ नंतर तो बँड नव्हता, तो एक गायक आणि त्याच्या मागे जे मिळतील ते, असं माझं प्रामाणिक मत.

बेसवाला_परळ

ट्रेबलभाऊ, वॉरहेडबद्दल वाद नाही. पण गॅरेट गेला तो कायमचा गेला नाही हे विसरू नका. १९८८ च्या किलिंग टाइमला गॅरेट आणि गिब्स दोघंही परत आलेत. गॅरेट अमेरिकेत राहायला गेला, १९८७ ला त्याने तिथे न्यू रेड आर्काइव्ह्ज नावाचं स्वतःचं लेबल काढलं, दुसऱ्या तरुण बँडचे रेकॉर्ड काढले, आणि तरी सब्सकडे येत राहिला. गिब्स १९८८ ला अमेरिकन गायक इगी पॉपबरोबर जगभर फिरला, त्या दौऱ्यावर त्याने पुस्तक लिहिलं, आणि मग पुन्हा इथे. इगी पॉपच्या मागे उभं राहून आल्यावर छोट्या क्लबमध्ये बसून सेट लावायला माणूस परत येतो तो काय पैशासाठी येणार?

मला सब्सचं सगळ्यात आवडतं ते हे, की इथून निघालेल्या माणसाला दार बंद होत नाही. बाकी बँडच्या गोष्टी वाचा, एक जण गेला की वीस वर्षं बोलणं बंद, मग कोर्ट. इथे चार्लीने ते होऊ दिलेलं दिसत नाही. माणूस दमला, जा. बरं वाटलं, ये.

आणि उलट बाजू पण बघा. १९९१ च्या सुमारास गिटारवर लार्स फ्रेडरिकसन होता, चार्लीपेक्षा २७ वर्षांनी लहान. काही काळच होता, मग पुढे रॅन्सिड या अमेरिकन पंक बँडमध्ये गेला आणि रॅन्सिड कुठल्या कुठे पोचलं. त्या पोराने पंक बँड म्हणून रोज जगायचं कसं हे कुठे पाहिलं असेल?

काउंट_इन

ड्रमर आहे, त्यामुळे राहवलं नाही. नवीन माणूस बँडमध्ये येतो तेव्हा प्रत्यक्षात काय होतं ते इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

अंधेरीतल्या एका जॅमरूममध्ये आम्ही तासावर जागा घ्यायचो. किट तिथलीच, पण स्नेअर आणि झांजा आपल्या, त्या पाठीवर घेऊन लोकलच्या लगेज डब्यातून. मी त्या बँडमध्ये आलो तेव्हा आधीचा ड्रमर एमएसला निघाला होता. त्याने मला गाणी शिकवली ती अशी की तो माझ्या शेजारी उभा राहून फक्त थांबे दाखवायचा. पंकमध्ये ठेका अवघड नसतोच, एकदा वेग पकडला की हात आपोआप चालतो, सगळी गंमत असते ती सगळे एकदम कुठे थांबतात आणि किती वेळ थांबतात त्यात. तो हात वर करायचा, मी थांबायचो, तो मनातल्या मनात मोजायचा, हात खाली आला की पुन्हा सुरू. रेकॉर्डिंग ऐकून ते कळत नाही कारण रेकॉर्डिंगवर एक थांबा असतो आणि स्टेजवर त्यांनी गेल्या दोन वर्षांत तो वाढवलेला असतो, तिथे लोक ओरडतात म्हणून. ते "इथे लोक ओरडतात म्हणून इथे जास्त थांबायचं" हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते फक्त एका ड्रमरकडून दुसऱ्याकडे जातं.

म्हणून मला मंजिरीताईंचं पण पटतं आणि ट्रेबलभाऊंचं पण. संहिता आहे, पण ती कागदावर नाही. सब्समध्ये डेव्हिसकडून रॉबर्ट्सकडे, पुढे कुणाकडून कुणाकडे करत ती बऱ्याच नंतर आलेल्या ड्रमर जेमी ऑलिव्हरपर्यंत आली असणार आणि मधल्या प्रत्येकाने त्यात आपलं काहीतरी घातलं असणार. चाली गॅरेटच्या, मान्य, पण ४० वर्षं स्टेजवर वाजून वाजून त्या गाण्याचं जे झालं ते एकट्या गॅरेटचं राहत नाही.

आमच्या बँडचं सांगायचं तर कुणीही भांडून गेलं नाही. एकाला बंगलोरला बदली, एकाचे वडील आजारी, एकाला मूल झालं. एका आयोजकाने ठरलेले पैसे कधी दिलेच नाहीत, तेव्हा गिटारवाला म्हणाला की आता घरी काय सांगू, आणि तो थांबला. मुंबईत लाइनअप बदलते ती अशी.

मंजिरी_डोंबिवली

काउंट_इन, तुमचा थांब्यांचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. नाटकात सुद्धा अगदी हेच. हशा कुठे घ्यायचा ते संहितेत नसतं, जुना नट नव्याला विंगेत सांगतो.

कल्याण_फास्ट

+१ काउंट_इन. इथल्या बँडचं उदाहरण द्यायचं तर डेमॉनिक रेझरेक्शन. मेटल आहे, पंक नाही, पण प्रश्न तोच. २००० ला साहिल माखिजाने मुंबईत सुरू केला आणि माणसं किती बदलली तरी तो उभा आहे. २०१० चा द रिटर्न टू डार्कनेस आणि २०१७ चा दशावतार लागोपाठ ऐकून बघा, वाजवणारे बदललेत हे कळतं आणि बँड तोच आहे हे पण कळतं. रॉक मशीनची गोष्ट वेगळी, १९८४ चा बँड, १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड केलं, मग थांबले, २०१० ला पुन्हा उभे राहिले. तिथे नाव बदललं आणि गाभ्यातली माणसं तीच राहिली. सब्सच्या बरोबर उलटं.

सायडिंगला_उभा

या विषयावर बोलताना द फॉल आणि नेपाम डेथ या दोन ब्रिटिश बँडना सोडून चालणार नाही.

द फॉल, मँचेस्टर, १९७६ पासून. गायक मार्क ई. स्मिथ २०१८ च्या जानेवारीत वारला तोपर्यंत बँड चालू. साठाहून जास्त माणसं येऊन गेली आणि त्यातल्या पुष्कळांनी वर्षसुद्धा पूर्ण केलं नाही. स्मिथ माणसं काढायचा, भांडायचा, १९९८ ला न्यूयॉर्कमध्ये स्टेजवरच मारामारी झाली आणि स्टीव्ह हॅन्ली, जो १९७९ पासून बेस वाजवत होता, तो त्यानंतर बाहेर पडला. जवळपास वीस वर्षांचा माणूस. ज्यांना फॉल आवडतो ते म्हणतात की या सततच्या बदलामुळे संगीत शिळं झालं नाही. माझं मत वेगळं आहे. हॅन्ली असतानाचा फॉल ऐका, ती बेसची भिंत ऐका, आणि मला सांगा की स्थिर माणसामुळे संगीत शिळं होतं का. स्मिथ अफाट होता पण माणसं घाबरवून त्याने काही कमावलं असं मला वाटत नाही.

आणि एक गोष्ट बघा, शेवटची जवळजवळ दहा वर्षं फॉलमध्ये गिटार, बेस, ड्रमवर तीच माणसं राहिली. सब्समध्ये पण तेच, एक्स आणि वाय काढले तेव्हा गिटारवर जेट, बेसवर गिब्स आणि ड्रमवर ऑलिव्हर हे तिघं कायम होते. म्हणजे दोन्ही बँडमध्ये सगळ्यात जास्त पळापळ झाली ती तरुणपणी. यश दिसत असतं, प्रत्येकाला वाटतं पुढचं स्टेशन आपलं. ते संपल्यावर जे उरतात ते वाजवायचं म्हणून वाजवतात.

नेपाम डेथचा पहिला अल्बम स्कम तर या धाग्यासाठीच केल्यासारखा आहे. १९८७ ला आला. रेकॉर्डची पहिली बाजू १९८६ ला एका लाइनअपने वाजवली, दुसरी १९८७ ला दुसऱ्याच लाइनअपने, दोन्ही बाजूंना सारखा असलेला माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस, आणि तो बँडचा संस्थापकही नव्हता. बाजू पलटायची आणि बँड बदललेला. तरी ऐकताना एक क्षणही वाटत नाही की हे दोन बँड आहेत.

ट्रेबल_कमी

स्कमचं उदाहरण भारी आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तिथे चाली लिहिणारे पण बदलले आणि तरी अल्बम एकसंध आहे. मग माझा गॅरेटचा मुद्दा तेवढा पक्का राहत नाही. पण वॉरहेडवरून मी हलणार नाही.

काळा_कोट

वकिली पेशा, त्यामुळे माझा रस नावात. नाव कुणाचं हा प्रश्न ब्लॅक फ्लॅगमध्ये खरोखर कोर्टात गेला. कॅलिफोर्नियाचा बँड, गिटारवाला ग्रेग गिन हा एकटा सुरुवातीपासून कायम, गायक मात्र चार झाले, कीथ मॉरिस, रॉन रेयेस, डेझ कडेना आणि हेन्री रोलिन्स. १९८६ ला बँड संपला. मग २०१३ मध्ये एकाच वर्षी दोन बँड स्टेजवर! गिनने रेयेसला घेऊन ब्लॅक फ्लॅग नावाने सुरू केला, आणि मॉरिस, कडेना, चक डुकोव्स्की, बिल स्टीव्हन्सन या जुन्या लोकांनी नुसत्या फ्लॅग नावाने. गिनने दावा लावला, मनाईहुकूम मागितला, न्यायालयाने तो दिला नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्थला कार्यक्रम चालू असताना रेयेसला काढून टाकलं.

कायदा विचारतो की नाव वापरायचा हक्क कुणाचा. ऐकणाऱ्याला ते पुरत नाही. ज्यांनी दोन्ही ऐकले त्यांतल्या बऱ्याच जणांना जुनी गाणी फ्लॅगकडून जास्त खरी वाटली, आणि मलाही ध्वनिचित्रफिती बघून तसंच वाटलं. नाव गिनकडे होतं. बेसवाल्यांनी वर दार बंद न होण्याबद्दल लिहिलंय ना, त्याची किंमत इथे कळते. चार्लीकडे नाव पण आहे आणि जुनी माणसं पण येतात.

बेसवाला_परळ

काळा_कोट, हे फार नेमकं सांगितलंत, मला हेच शब्दांत पकडता येत नव्हतं.

आता माझं म्हणणं लिहितो. मला वाटतं चार्लीने दोन गोष्टी केल्या ज्यामुळे बँड टिकला. एक म्हणजे गाणी अशी ठेवली की कुठलाही बरा वाजवणारा आठवड्याभरात सेट बसवू शकेल. काही लोक याला कमीपणा समजतात, मी नाही समजत. ज्या गाण्याला एकच माणूस लागतो ते गाणं त्या माणसाबरोबर जातं. दुसरी गोष्ट ती वर्णमाला. विचार करा, एच काढून झालाय, लेबल बदललंय, चार्टवर नाव नाही, निम्मा बँड गेलाय, आणि समोर आय पासून झेडपर्यंत अक्षरं पडली आहेत. काम शिल्लक आहे. नवीन आलेल्या माणसाला पण कळतं की आपण कुठल्या अक्षरावर चढलो. लार्सला कळलं असेल, जेटला कळलं असेल. कोण आहे कोण नाही यापेक्षा पुढचं अक्षर कधी, हा प्रश्न मोठा होतो.

हां, सगळी अक्षरं सारख्या वजनाची नाहीत हे मान्य. सी, जी, एल आणि व्ही लाइव्ह आहेत, पी म्हणजे जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमासाठीची जुनी रेकॉर्डिंग्ज. पण क्यू आणि आर दोन्ही १९९७ चे, आणि एक्सला नाव सुचेना म्हणून रडत न बसता सरळ एक्सएक्सआयव्ही ठेवलं, म्हणजे रोमन आकड्यांत २४, एक्स हे २४ वं अक्षर. मला हे फार आवडतं.

पालघर_शटल

खूप माहिती मिळाली, धन्यवाद सगळ्यांना. मी विशीतला आहे, आमचा तिघांचा बँड आहे आणि गेल्या महिन्यात बेसवाला सोडून गेला. हा धागा वाचून धीर आला, खरंच. एक विचारू का, यूके सब्स ऐकायला सुरुवात कुठून करू? २६ अल्बम बघूनच दडपण येतं.

बेसवाला_परळ

क्रमाने ऐकू नकोस रे. क्रॅश कोर्सपासून सुरू कर, पहिल्या चौघांची सगळी चांगली गाणी एका रात्रीत वाजवलेली मिळतात आणि रेनबोची गर्दी पण ऐकू येते. मग लगेच एनडेंजर्ड स्पिशीज. या दोघांमध्ये अर्धा बँड बदलला आहे, फरक स्वतःच्या कानाने पकड, बेसकडे लक्ष दे, स्लॅक ठासून वाजवतो आणि गिब्स जास्त फिरतो. मग ३० वर्षं सरळ उडी मार आणि यलो लीडर ऐक, २०१५ चा. चार्ली तेव्हा सत्तरी ओलांडलेला. आवाज घासलेला आहे पण शब्द न् शब्द कळतो.

धोबीतलाव_जुना

आणि किलिंग टाइम विसरू नकोस पोरा, गॅरेट परत आल्यावर त्याला काय म्हणायचं होतं ते त्यात आहे. शिवाय झेड झाल्यावर पण हे लोक थांबलेले नाहीत, २०२२ ला रिव्हर्स इंजिनिअरिंग आला. अक्षरं संपल्यावरचा.

पालघर_शटल

अक्षरं संपल्यावर पण काढला! आजच ऐकतो.

काउंट_इन

शटल, बेसवाला शोधत असाल तर व्यक्तिगत निरोप करा. मी सध्या अंधेरीलाच असतो, ओळखीतली एक मुलगी आहे, बोटं चांगली आहेत आणि रविवारी मोकळी असते. जुन्या बेसवाल्याशी बोलणं चालू असेल तर त्याला पहिल्या तालमीला नक्की बोलवा, थांबे त्यालाच माहीत असणार.

बेसवाला_परळ

नाही जमलं तिचं तर मला सांगा. परळहून अंधेरी लांब नाही, आणि वॉरहेड मला येतं.